दोर्दोन्यच्या किल्ल्यांना निघताना: बारा वाजायच्या आत

दुपारी बारा ते दोन बंद. पासपोर्टच्याही आधी ही ओळ लिहून घ्या. यादीत ती सगळ्यांत वर का, ते विचारू नका. फ्रान्सच्या नैऋत्येला दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, म्हणजे तिथले लोक ज्याला अजून पेरिगोर म्हणतात त्या भागात, दुपारची सुट्टी फक्त दुकानदाराची नसते. लहान किल्ल्याचं तिकीटघर, गावातलं पर्यटन कार्यालय, बेकरी, किराणा, पोस्ट, सगळं एकाच वेळी मिटतं. उघडं असतं ते रेस्टॉरंट, आणि तिथलं स्वयंपाकघरही दीड-पावणेदोनच्या सुमारास ऑर्डर घेणं थांबवतं. दोन वाजता गडावरून उतरून ‘चला, आता जेवू’ म्हणालात तर कॉफी मिळेल. जेवण सातनंतर.

पाटीवर ‘10–12, 14–18’ असं दिसलं की आपण अकरा पन्नासला पोचून चालेल असं धरून चालतो. नाही चालत. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या पाऊण ते एक तास आधी असतो. आणि किल्ला फक्त गाइडबरोबरच दाखवत असतील तर सकाळची शेवटची फेरी अकराच्या आसपास सुटते. म्हणून पाटीवरचे 12 म्हणजे तुमचे 11, आणि 18 म्हणजे 17. जूनमध्ये सूर्य जवळजवळ दहापर्यंत मावळत नाही, त्यामुळे पाच वाजताही हातात अख्खी दुपार असल्यासारखं वाटतं. दरवाजा सूर्याकडे बघून लावत नाहीत.

बेनाक, कास्तेलनो, मिलांद यांसारखे मोठे किल्ले भर मोसमात सलग उघडे असतात. लोक तेवढं वाचतात आणि बाकीच्यांनाही तोच नियम लावतात. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या वेळा वेगळ्या, हिवाळ्याच्या आणखी वेगळ्या. प्रत्येक ठिकाणच्या स्वतःच्या पानावर, तुम्ही जाणार त्या महिन्याच्या आणि त्या वाराच्या वेळा बघा आणि कागदावर लिहा. नकाशाच्या ॲपवरच्या वेळांवर विसंबू नका. सोमवार किंवा मंगळवारची साप्ताहिक सुट्टी तपासा. 1 मे, 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला किल्ला उघडा असेलच असं धरू नका. 8 मे आणि असेन्शनचा (ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ती सणाचा) गुरुवार याही सुट्ट्या. जोडून रजा घेऊन निम्मा देश रस्त्यावर असतो.

कागदपत्रं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण मे-जूनसाठी मार्चमध्येच भेटीची वेळ घ्या. विमा किमान 30,000 युरोचा. गाडी चालवणाऱ्याने आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आपणच सुरू करायचे असतात, आणि पिन पाठ हवा. भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर घेतात. नवऱ्याचं कार्ड आणि बायको चालक, हे काउंटरवर चालत नाही.

गाडी हवीच. पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान रेल्वेने दोन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, तिथून सार्लापर्यंत, म्हणजे किल्ल्यांजवळच्या मुख्य गावापर्यंत, प्रादेशिक रेल्वेने आणखी अडीच-पावणेतीन तास. पण सार्लाहून किल्ल्यांपर्यंत बसच्या भरवशावर राहिलात तर दिवसाला एक किल्ला होईल. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी सांगा, गावाकडे ती सहज मिळत नाही. आणि गाडी देणारी लहान स्टेशनांवरची कार्यालयंही बारा ते दोन बंद असतात, रविवारी तर बहुधा पूर्ण दिवस. साडेबाराला पोचणारी रेल्वे पकडू नका. हो, इथेही तेच.

उजव्या बाजूने चालवणं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. अंगवळणी पडत नाही ती उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याची पद्धत: पाटी किंवा रेघ नसेल तर उजवीकडच्या बारक्या गल्लीतून येणाऱ्या ट्रॅक्टरचाही हक्क तुमच्या आधी. पांढऱ्या चौकटीतला पिवळा चौकोन, कोनावर उभा केलेला, दिसला की तुमचा रस्ता मुख्य. चौकातल्या वर्तुळाकार रस्त्यावर आत असलेल्याचा हक्क आधी. लाल कडेची, गावाच्या नावाची पाटी हीच ताशी 50ची मर्यादा. वेगळा आकडा लिहिलेला नसतो. नावावर तिरकी लाल रेघ आली की गाव संपलं. गावाबाहेरच्या, मधे दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर साधारण 80. धोक्याचा इशारा देणारा तिकोन आणि चमकतं जाकीट गाडीत असायलाच हवं, चावी घेतानाच डिकी उघडून बघा.

पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं म्हणजे डिझेल. गॅसोलीनसारखं दिसतं आणि नेमकं तिथेच फसायला होतं. पेट्रोल म्हणजे ‘साँ प्लाँ’, 95 किंवा 98 आकड्याचं. सुपरमार्केटचे पंप माणसाविना चोवीस तास चालतात, पण भरण्याआधी कार्डावर शंभर-दीडशे युरो अडकवतात आणि उरलेले काही दिवसांनी सोडतात. शिल्लक कमी असेल तर पंप सरळ नकार देतो. दोन कार्डं ठेवा.

आता दिवसाची आखणी, कारण सगळी गोम तिथेच आहे. नऊ वाजता बेकरी: पाव, दुपारसाठीही. दहाला लहान किल्ला, उघडल्याउघडल्या, पहिल्या फेरीला. बारा ते दोनच्या पोकळीत पायवाट घाला, कारण पायवाटेला कुणी कुलूप लावत नाही. बरोबर घेतलेला पाव, चीज, टोमॅटो तिथेच एखाद्या कट्ट्यावर खा. अडीचनंतर मोठा किल्ला. जुलै-ऑगस्टमध्ये हाच क्रम उलटा: पारा कधीकधी पस्तिशीपार जातो, तेव्हा सातला पायवाट, आणि दुपारी सलग उघडं असलेलं ठिकाण. पाव मात्र दोन्ही क्रमांत सकाळीच. बारानंतर घेऊ म्हणाल तर दोनपर्यंत, कधीकधी साडेतीनपर्यंतही, बंद शटर बघत बसावं लागेल.

शनिवारी सार्लाचा मोठा बाजार असतो, बुधवारी धाकटा. नऊच्या आधी पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा नाही; दुपारी एकच्या सुमारास विक्रेते आवरायला लागतात. सशुल्क पार्किंगलाही बऱ्याच गावांत बारा ते दोन सुट्टी असते, या सुट्टीचा तेवढाच फायदा. निळ्या पट्ट्याच्या जागेत वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी काचेमागे ठेवावी लागते, ती तंबाखूच्या दुकानात मिळते.

किल्ल्यांत काय बघायचं ते पुस्तकात वाचा, इथे फक्त पायांचं. बेनाकला नदीकाठच्या गावातून वर चढणारी दगडी गल्ली खडी आहे. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर गाडी वळसा घालून वरच्या पार्किंगला न्या. समोरच्या काठावरचं कास्तेलनो शंभर वर्षांच्या युद्धात बराच काळ इंग्रजांकडे होतं आणि बेनाक फ्रेंचांकडे, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी बघितले तर एकमेकांवर नजर ठेवणं म्हणजे काय ते कळतं. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धसाहित्याचं संग्रहालय आहे, दगडफेकीची यंत्रं तटावर उभी आहेत. गोल जिन्यांच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. रुंद बाजूने, म्हणजे बाहेरच्या भिंतीला धरून उतरा. मोठी पाठपिशवी आणि बाबागाडी दोन्ही नको. कोमार्कला पार्किंगपासून झाडीतून चालत जावं लागतं, तो वेळ शेवटच्या प्रवेशाच्या हिशेबात धरा.

आदिमानवाच्या चित्रांच्या गुहांचं आरक्षण व्हिसा हातात आल्याआल्या. लास्कोची मूळ गुहा 1940मध्ये सापडली आणि 1963पासून बंद आहे. माँतिन्याकला बघायला मिळते ती 2016मध्ये उघडलेली पूर्ण प्रतिकृती, ठरलेल्या वेळेच्या तिकिटावर. खरी रंगीत चित्रं बघायची असतील तर लेझेझीजवळचं फाँ द गोम, पण तिथे रोज मोजक्याच लोकांना सोडतात. आत वाट अरुंद आणि तापमान तेरा अंशांच्या आसपास. बाहेर पस्तीस असलं तरी स्वेटर घ्या.

पायवाटा. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची जीआर, पिवळा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी. त्याच रंगांची फुली दिसली की इकडे नाही. पट्ट्याखाली बाण किंवा वाकडी रेघ म्हणजे वळा. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. आयजीएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा, 1:25,000 नकाशा घ्या, एक सेंटिमीटर म्हणजे 250 मीटर, आणि तोच फोनमध्येही उतरवून ठेवा. दऱ्यांत रेंज जाते. चुनखडीच्या वाटा पावसानंतर निसरड्या, त्यामुळे बूट खाचांचे. नळावर ‘नाँ पोताब्ल’ असेल तर पिऊ नका. गावाच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो, वाटसरू तिथे बाटल्या भरतात, पण पाटी तिथेही बघा. गवतातून चालताना पूर्ण पँट, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली गोचीड शोधा. हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा प्लास्टिकचा छोटा हूक मिळतो. तो कातडीला लागून सरकवून फिरवत काढा. तेल, रॉकेल, काडी काही लावायचं नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम, भडक नारिंगी टोपी घाला आणि शिकारीची पाटी दिसली की वाट बदला. अपघात झाला तर 112.

शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी पाठ करा. पेरिगोरचा प्रसिद्ध सार्लाचा बटाटा बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात, आणि पेरिगोरच्या सॅलडमध्ये बदकाचे अवयव असतात. ‘साँ व्हियांद, साँ प्वासाँ’ (मांस नको, मासे नको) म्हटलं तरी चरबीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. बऱ्याच चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. अक्रोड, चेरी, पाव, अंडं चालत असेल तर रानअळंबीचं ऑम्लेट, यावर निभतं. घरून भाजणी, चिवडा, मेतकूट न्या. तूप, पनीर, खवा नाही, दुग्धजन्य पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. आणि परत एकदा: जेवायचं टेबल साडेबाराला, बाकी सगळं बाराच्या आधी.

राहायला गावाकडचं भाड्याचं घर घेतलंत तर उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी शनिवार ते शनिवारच देतात, किल्ली दुपारी चारनंतर. चादरी-टॉवेल बहुधा आपले. रविवारी किराणा दुपारीच बंद होतो, सोमवारी अनेक दुकानं उघडतच नाहीत. तेव्हा शनिवारी संध्याकाळीच दूध, फळं, भाज्या. प्लग: भारतीय दोन पिनांचा बसतो, तीन पिनांना अडॅप्टर. टोलनाक्यावर नुसता नारिंगी ‘टी’ असलेली रांग टाळा, ती टोलचा टॅग असलेल्यांची.

गाडी परत देताना टाकी भरून, पावती ठेवून, चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून.