पद्मिनीचे लाईट मंद, हॉर्न मुका? आधी अर्थिंग बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी रिस्टोर करताना लाईट पिवळट लागले की लोक लगेच नवीन वायरिंग टाकायला निघतात, थांबा जरा, बऱ्याचदा वायर चांगली असते आणि अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंट बॅटरीला परत जायची वाट, गेलेलं असतं. नाशिकच्या पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीच्या पत्र्याला गंज चढतोच, आणि रंगकाम नवीन केलं असेल तर अर्थच्या बोल्टखालीच रंग बसतो, तिथून करंट परत जाणार कसा?

आधी बॅटरी बघा, गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. मग मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, हेडलाईट चालू करा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन बल्बच्या अर्थ वायरला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला की चोर सापडला. बोल्ट खोला, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस. इंजिन ते बॉडीची पट्टी पण बघाच, ती खराब असेल तर स्टार्टर पण रडतो.

अर्थ ठीक निघालं तर फ्यूजबॉक्स. फ्यूज नुसता बघून चांगला म्हणू नका, टोकाला हिरवट थर असतो, तो घासून मगच बसवा.

आणि फ्यूज परत परत उडत असेल तर कृपा करून मोठा फ्यूज किंवा तार लावू नका हो, वायर जळून गाडीच पेट घेईल! त्या फ्यूजवरची एकेक वायर काढून बघा, जी काढल्यावर उडायचा थांबला तिच्यातच शॉर्ट.