लग्नाची अंगठी घेताना या चुका टाळा

नवे दागिने घडवण्यापेक्षा जुने दुरुस्त करण्यातच माझा जास्त वेळ जातो. त्यामुळे अंगठी काचेखाली कशी दिसते यापेक्षा वर्षभराने ती कोणत्या अवस्थेत परत येते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तक्रारी त्याच त्या असतात. डिझाइनसाठी महिनाभर फोटो चाळणारी माणसं बोटाच्या मापाला दोन मिनिटं देत नाहीत, आणि मग माझ्यासमोर बसून विचारतात, ‘काका, जरा मोठी करून द्याल का?’

माप दोऱ्याने घेणं

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बोटाभोवती दोरा गुंडाळायचा, टोकं जुळतील तिथे खूण करायची, पट्टीवर मोजायचं आणि आलेला आकडा कळवून टाकायचा. ही युक्ती जो तो सांगतो. दोरा मांसात रुततो, ओढला की ताणतो आणि पट्टीवर ठेवला की परत आखडतो. अमेरिकी मापात परिघात अडीच मिलिमीटरचा फरक म्हणजे अख्खा एक नंबर. दोऱ्याने तेवढी चूक हसत हसत होते. त्यात दोरा गुंडाळला जातो बोटाच्या मुळाशी, आणि अंगठीला तिथे पोचायचं तर आधी सांधा ओलांडावा लागतो. त्या सांध्याचं माप कोणीच घेत नाही.

शिवाय बोट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. थंडीत आणि गार हवेत ते बारीक होतं, उकाड्यात, चालून आल्यावर किंवा खारट खाल्ल्यावर फुगतं. गरोदरपणात तर बऱ्याच जणींच्या अंगठ्या काही महिने डबीतच राहतात. ज्या हाताने आपण लिहितो त्याची बोटं सहसा दुसऱ्या हातापेक्षा किंचित जाड असतात. म्हणजे उजव्या हाताचं माप देऊन डाव्या हातात घालायची अंगठी मागवली, तर ती सैल झाल्याचा दोष कारागिराचा नाही.

माझी रीत साधी आहे. मापाच्या कड्यांचा जुडगा घ्यायचा आणि दोन वेगळ्या दिवशी माप बघायचं, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. ज्या बोटात अंगठी घालायची तेच बोट. कडी सांध्यावरून आत जाताना थोडी अडली पाहिजे आणि काढताना थोडा जोर लागला पाहिजे. हात खाली सोडून झटकला तर ती पडता कामा नये. अंगठीची पट्टी रुंद हवी असेल, सहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, तर मापही रुंद कडीनेच घ्या. रुंद पट्टी त्याच नंबरात घट्ट बसते आणि बऱ्याच ठिकाणच्या कड्या बारीक असतात. सांधा मोठा आणि मूळ बारीक असेल तर अंगठी सांध्याला जाईल एवढी घ्यायची आणि आतल्या बाजूला दोन छोटे मणी डाकून घ्यायचे, म्हणजे ती बोटात गरागरा फिरत नाही.

नंबरांचा घोळ वेगळाच. अमेरिकेत आकडे चालतात, ब्रिटनमध्ये अक्षरं, आणि आंतरराष्ट्रीय मानकात आतला परीघच मिलिमीटरमध्ये सांगतात. अमेरिकी 7 नंबर म्हणजे आतला व्यास 17.3 मिलिमीटरच्या आसपास. म्हणून नुसता ‘सात नंबर’ सांगून मोकळे होऊ नका. आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि तोच आकडा ऑर्डरवर लिहायला लावा.

आता या सगळ्याचं टोक. एक नवीन लग्न झालेली मुलगी आली, सोबत नवरा. बोट सुजून जांभळं झालेलं. अंगठी घरबसल्या मागवलेली, गोल वेढ्यात सगळीकडून बारीक हिरे. माप दोऱ्याने, तेही थंडीच्या दिवसात पहाटे घेतलेलं. अंगठी आली तेव्हाच घट्ट होती. पण कार्य तोंडावर आलं होतं, म्हणून साबण लावून बसवली. दिवसभर उभं राहणं, गर्दी, उकाडा. रात्रीपर्यंत ती हलेना.

आधी तेल लावून पाहिलं. मग दोरा गुंडाळून काढायची युक्ती केली, पण हिरे धरून ठेवणाऱ्या धातूच्या नख्यांत दोराच अडकून तुटला. शेवटी कापायचं ठरलं. त्या हत्याराला खाली एक पातळ जीभ असते, ती अंगठी आणि कातडी यांच्यामधे सारायची. वर छोटं दातेरी चाक. चावी फिरवत राहिलं की ते हळूहळू धातू कापत जातं आणि जीभ बोट वाचवते. साध्या पट्टीला हे काही मिनिटांचं काम. इथे चाक हिऱ्यावर आलं की नुसतं घसरायचं, कारण पोलादाने हिरा कापला जात नाही, आणि दोन खड्यांमधली जागा चाकाच्या जाडीपेक्षाही कमी. शेवटी एक खडा उकरून काढला आणि त्याच्या रिकाम्या घरातून कापत गेलो. मधे मधे थांबून पाण्याचे थेंब सोडत होतो, कारण घर्षणाने धातू तापतो आणि खाली तर बोट आहे. पकडीने वेढा फाकवला तसे आणखी दोन हिरे टप्पकन ताटलीत उडाले. मुलीने डोळे मिटून घेतले होते. नवरा मात्र विचारत होता, ‘आता जोडून मिळेल ना?’

नाही मिळणार. पूर्ण वेढ्याच्या अंगठीत माप बदलायला साधी धातूची जागाच नसते. वाकवली की खड्यांची घरं वाकडी होतात आणि खडे ढिले पडतात. ती नव्यानेच घडवावी लागते. माप बदलून मिळणार नाही हे त्यांनी ऑर्डर केली तिथेही लिहिलेलं होतं, फक्त पैसे भरल्यावर वाचलं. अर्ध्या वेढ्याची अंगठी घेतली असती तर खालच्या साध्या भागात माप वाढवता आलं असतं, आणि वरून दिसायलाही तशीच दिसली असती. पण हे सांगितलं की लोकांना वाटतं, कारागीर कंजूस आहे.

पांढरं सोनं आणि ‘फसवलं’ची ओरड

माझी दुसरी दुखरी नस. अंगठी वर्ष दोन वर्षांत पिवळसर पडते आणि माणूस तणतणत येतो, ‘हे खोटं आहे.’ खोटं काही नसतं. 18 कॅरेटच्या पांढऱ्या सोन्यातही 75 टक्के सोनंच असतं, म्हणून त्यावर 750 चा शिक्का असतो. पॅलेडियम किंवा निकेल मिसळून त्याचा पिवळेपणा दबतो, पूर्ण जात नाही. दुकानात दिसणारी आरशासारखी पांढरी झळाळी रोडियम नावाच्या धातूच्या पातळ मुलाम्याची असते. तो घासून जातो, आणि पहिल्यांदा जातो तळहाताच्या बाजूने, जिथे अंगठी दिवसभर कशा ना कशाला घासत असते. पुन्हा मुलामा चढवला की अंगठी नवी दिसते. हे काम अधूनमधून करावंच लागणार, हे घेतानाच धरून चला. त्याचा कंटाळा असेल तर पिवळं सोनं घ्या. त्यात लपवायला काही नसतं.

निकेलची ॲलर्जी असणारेही बरेच निघतात. अंगठीखाली खाज, लाल चट्टा, आणि सगळे साबणाला दोष देतात. घेताना मिश्रणात काय आहे ते विचारा, पॅलेडियमचं मागा.

प्लॅटिनम हा दुसरा मार्ग. तो मुळातच पांढरा असतो, शिक्का बहुधा 950 चा. पण तो जड असतो. त्याची घनता पाण्याच्या 21.4 पट, आणि 18 कॅरेट सोन्याची 15-16 पटीच्या आसपास. तोच साचा प्लॅटिनममध्ये केला तर वजन वाढणार आणि वजनाबरोबर बिलही. शिवाय तो 1768 अंशांना वितळतो, सोनं 1064 ला. त्याचं काम करायची सोय प्रत्येक कारागिराकडे नसते. आधी दुरुस्ती कोण करून देईल ते विचारा, मग घ्या. चरा पडला की त्यातला धातू सहसा झिजून जात नाही, बाजूला सरकतो. त्यामुळे अंगठी हळूहळू मंद, धुरकट दिसू लागते. काहींना ते आवडतं, मलाही आवडतं. ज्यांना कायम चकचकीत हवं त्यांनी पॉलिशचा खर्च धरावा.

बाकीच्या, थोडक्यात

टंगस्टनच्या अंगठीवर चरे पडत नाहीत म्हणून ती खपते. तिचं माप मात्र कधीच बदलता येत नाही, आणि फरशीवर आपटली तर ती काचेसारखी फुटू शकते.

रोज घालायच्या अंगठीत ओपल किंवा मोती नको. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा 1 ते 10 च्या मोह्स मापावर 7. मोती चारच्या आसपास, ओपल सहाच्या आसपास. नुसतं पुसूनही चरे पडतात. पाचू जरा कठीण असला तरी आतून चिरांनी भरलेला असतो, एका ठोक्यात जातो. माणिक आणि नीलम 9, हिरा 10. हिराही नेमक्या दिशेने ठोका बसला तर दुभंगतो, म्हणून ‘हिऱ्याला काही होत नाही’ म्हणत अंगठी घालून वजनं उचलू नका.

हिऱ्यासाठी एक कॅरेटचा हट्ट धरणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, खड्याचा वजनाचा; एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. गोल हिरा एक कॅरेटचा असेल तर व्यास साधारण 6.5 मिलिमीटर, 0.90 चा असेल तर 6.2 च्या जवळपास. हा फरक बोटावर कोणालाही दिसत नाही, पण पूर्ण आकड्याचा भाव वेगळा लागतो. ते पैसे चांगल्या कटिंगवर घाला.

दुकानातल्या दिव्यांखाली काचेचा तुकडाही चमकतो. खडा खिडकीशी नेऊन बघा. नेऊ देत नसतील तर दुसरीकडे जा.

उंच कोंदण फोटोत छान दिसतं आणि स्वेटरमध्ये अडकतं. हाताने काम करणाऱ्याने खडा खाली बसवलेला, चारी बाजूंनी पट्टीने धरलेला घ्यावा. नख्यांची अंगठी असेल तर अधूनमधून कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. बारीक खुळखुळ ऐकू आली की खडा ढिला झालाय, त्या दिवसापासून घालायची बंद.

साखरपुड्याची अंगठी आणि लग्नाची अंगठी एकाच बोटात घालणार असाल तर दोन्ही घालून बघा. एकीचं कोंदण दुसरीला खात राहतं, आणि नरम धातूची अंगठी आधी झिजते.

आत नाव किंवा तारीख कोरायची असेल तर आधी काही आठवडे अंगठी वापरा. माप बदलायची वेळ आली तर काप नेमका अक्षरांवर येऊ शकतो.

बिलावर धातूचं वजन, खड्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. खड्यासकट एकच वजन लिहिलेलं बिल मी तरी घेणार नाही.

आणि घाई. आठ दिवसांवर लग्न आलं की अंगठी करायला टाकणारे म्हणजे वरातीमागून घोडं. ओतकाम, जडाव, पॉलिश, शिक्का, आणि माप चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. दोन महिने आधी या. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी साधी पट्टी घ्यावी. तिचं माप बदलता येतं आणि ती वाईट कधीच दिसत नाही.

अंगठी अडकलीच तर

हात डोक्याच्या वर थोडा वेळ धरा, गार पाण्यात बुडवा, मग साबण लावून फिरवत फिरवत काढा, सरळ ओढू नका. तरी नाही निघाली तर दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून मनगटाकडे काढा आणि उरलेला दोरा अंगठीपासून सांध्याच्या पलीकडे घट्ट, शेजारी शेजारी गुंडाळत न्या. मग मनगटाकडचं टोक ओढत दोरा सोडवत गेलं की अंगठीही त्याबरोबर पुढे सरकते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर यातलं काही करत बसू नका, सरळ दवाखान्यात जा. जाताना अंगठी कशाची आहे ते सांगा. सोनं कापता येतं, पण टंगस्टन पकडीत दाबून फोडावं लागतं, आणि हे आधी कळलं तर कापायच्या खटपटीत वेळ जात नाही.