प्रोब होतच नाही? जुना ड्रायव्हर लिनक्सच्या आय-टू-सी बसवर आणताना या चुका टाळा

मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात मायक्रोकंट्रोलरचं जुनं कार्ड काढून लिनक्सचा बोर्ड बसवायचं ठरतं, आणि ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा कोड, कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराच्या गळ्यात पडतो. बडोद्यात हे नवीन नाही. चिपची रजिस्टरं हाताळणारा कोड तो जुन्यातून उचलतो, आणि काही चाललं नाही की त्यातच खोदत बसतो. तो कोड बहुधा बरोबर असतो. घोळ कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आय-टू-सी बसशी (दोन तारांवरून चिपांशी बोलणाऱ्या वाहिनीशी) गाठ मारताना होतो. ती गाठ जुळली तरच कर्नल ड्रायव्हरचं सुरुवातीचं फंक्शन, प्रोब, चालवतो.

म्हणून आधी सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फायलींच्या रूपात दाखवतो ते /sys) आय-टू-सीच्या डिव्हाइसेस फोल्डरात बघा. डीएस-१३०७ घड्याळाची चिप १ क्रमांकाच्या बसवर असेल, तर १-००६८ दिसायला हवं. नसेल तर डिव्हाइस ट्रीतला (बोर्डावर कोणती चिप कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीतला) पत्ता तपासा. एसटीएम-३२ या मायक्रोकंट्रोलरच्या हॅल लायब्ररीला पत्ता एक बिट डावीकडे सरकवून लागतो, म्हणून जुन्या कोडात हेक्स डी० असतं. लिनक्सला सात बिटांचा पत्ता हवा, म्हणजे हेक्स ६८. डी० दिलंत तर कर्नल पत्ता अवैध ठरवून डिव्हाइस तयारच करत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) तशी ओळ येते, पण ती वाचतो कोण! (या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहे. तो पुन्हा लिहू नका.)

डिव्हाइस दिसतंय पण ड्रायव्हर जोडला जात नाही? कंपॅटिबल स्ट्रिंग, म्हणजे चिपची ओळख सांगणारं नाव, डिव्हाइस ट्री आणि ड्रायव्हर दोन्हीकडे अक्षरन् अक्षर जुळवा. हाताने मॉड्यूल (ड्रायव्हरची वेगळी फाइल) लोड केलं की चालतं, रीबूटनंतर नाही, असं असेल तर ते आपोआप लोड व्हायला लागणारी मॉड्यूल डिव्हाइस टेबलची ओळ लिहायची राहिलीय का ते बघा.

प्रोब झाला तरी आय-टू-सी ट्रान्सफर फंक्शन फसवतं. ते यश आलं की शून्य नाही, पार पडलेल्या मेसेजेसची संख्या परत देतं. दोन मेसेज पाठवले तर २. शून्य नाही म्हणजे एरर, असं धरणारा कोड धडधाकट चिपला नादुरुस्त ठरवतो.

प्रोबमध्ये रेग्युलेटर (चिपला वीज पुरवणारा भाग) तयार नसला की उणे ५१७, म्हणजे 'प्रोब नंतर करा' असा एरर, येतं. ते जसंच्या तसं वर परत करा, कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. त्याजागी 'डिव्हाइस नाही' असा एरर दिलात तर तो पुन्हा फिरकणार नाही. आणि इंटरप्ट हँडलरमधून (चिपने इशारा दिला की चालणाऱ्या फंक्शनातून) थेट बसवर वाचू नका. बसचा व्यवहार झोपू, म्हणजे वाट बघत थांबू, शकतो, हँडलरला ती मुभा नाही. थ्रेडेड इंटरप्ट घ्या, त्यात थांबता येतं.

इंटरनेटवरचा जुना नमुना कंपाइल होत नसेल तर कर्नलची आवृत्ती बघा: ६.१ पासून रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) काही परत देत नाही, आणि ६.३ पासून प्रोबला आयडीचा दुसरा पॅरामीटर नाही.