जुन्या ट्रकच्या खालून घूं-घूं येते? आधी ऐका, मग खोला

पाना उचलायची घाई नको. आवाज कशाबरोबर बदलतो ते कळलं की निम्मं काम झालं.

सपाट, रिकाम्या रस्त्यावर, ज्या वेगाला आवाज येतो तिथं क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन मात्र चालूच ठेवा, ब्रेकची ताकद त्यावर आहे. आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) पडूनही आवाज तसाच राहिला, तर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकांपर्यंत शोधा. उभ्या गाडीत क्लच दाबल्यावरच किरकिर होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं. दाबल्यावर गप्प होत असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचं.

माझा पहिला संशय नेहमी क्रॉसवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरकी नेणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्यावर. निघताना एकदाच 'टण्ण' वाजतं ते बहुधा त्याचंच. इंजिन बंद करा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून, वर-खाली ढकलून बघा. क्रॉसच्या कपाच्या कडेला तांबूस पूड दिसली, की आतल्या सुया ग्रीसविना गंजल्या म्हणून समजा. मग वरून कितीही ग्रीस मारा, तो क्रॉस बदलावाच लागतो. तिथंच आहात तर शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही बघून घ्या.

अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना सूर पालटला तर क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टची फिरकी चाकांना वाटून देणाऱ्या डिफरन्शियलची मुख्य दातेरी चाकं. डिफरन्शियलच्या तेलात लोखंडाच्या कपच्या निघाल्या तर गाडी पळवू नका.

आणि हो, खाचा पडून झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. फक्त रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की त्याचा सूर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही.