आयुष्यभर डिझेल चालवून आता इलेक्ट्रिक गाडी घेताय? मग आधी हे वाचा

डाव्या पायाला आता काम नाही, हे सगळ्यात आधी त्या पायालाच पटवून द्यावं लागतं. वर्षानुवर्षं क्लच मारलेला पाय स्वस्थ बसत नाही. सिग्नलला गाडी थांबत आली की तो आपसूक उठतो, क्लच सापडत नाही आणि सगळ्या ताकदीनिशी ब्रेकवर पडतो. गाडी जागच्या जागी खिळते आणि मागचा रिक्षावाला तुमच्या डिकीत येतो. उपाय साधा आहे. बसल्या बसल्या डावी टाच डेड पेडलवर, म्हणजे डावीकडं पाय ठेवायला दिलेल्या पट्टीवर, टेकवायची आणि उतरेपर्यंत उचलायची नाही. पहिले काही दिवस पहाटे मोकळ्या रस्त्यावर नुसतं थांबा-निघा करा. मांडीवर हात मारून पायाला आठवण करून द्यावी लागली तरी चालेल, कोण बघतंय!

मी कोल्हापुरात गुळाचा व्यापार करतो. सीझनला रत्नागिरी-चिपळूणकडं सारखं जाणं असतं, अधूनमधून पुणं, आणि एरवी गुऱ्हाळं. आधी सुमो होती, मग बोलेरो, दोन्ही डिझेल. आता सुमारे चाळीस युनिट बॅटरीची नेक्सॉन ईव्ही आहे. पुढं जे सांगतोय ते याच रस्त्यांवरचं आहे. तुमची गाडी दुसऱ्या कंपनीची असेल तर बटणं बदलतील, बाकी सगळं तेच.

आवाज नाही, हीच पहिली अडचण

ब्रेक दाबून बटण दाबलं की स्क्रीनवर रेडीचा हिरवा दिवा लागतो. तेवढीच खूण. इंजिन सुरू आहे की बंद, हे आपण आजवर कानानं ओळखत आलो, आता डोळ्यानं ओळखायचं. सगळ्यात धोक्याचं म्हणजे गाडी डी मध्ये (पुढं जायच्या गिअरात) असताना 'बंदच आहे' समजून दार उघडणं. ब्रेकवरचा पाय उचलला की बऱ्याच गाड्या हळूच पुढं सरकतात. म्हणून क्रम ठरवून टाका: पी (पार्किंग), हँडब्रेक, बटण बंद, मग सीटबेल्ट. बेल्ट शेवटी. माणूस बेल्ट काढला की उतरायच्याच घाईत असतो.

दुसऱ्यांनाही तुमचा आवाज येत नाही. मार्केट यार्डात हमाल पाठीवर तीस किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घेऊन मान खाली घालून चालत असतो. मागून गाडी येते आहे हे त्याला डिझेलच्या धडधडीनं कळायचं. गुऱ्हाळावरची पोरं, बैल, कुत्री, सगळ्यांचं तसंच. अशा जागी चालण्याच्याच वेगानं जायचं आणि दुरूनच हलका हॉर्न द्यायचा. अगदी जवळ जाऊन हॉर्न वाजवला तर हमाल दचकतो आणि रवा पायावर पडतो.

पिकअपबद्दल गाडी घेणारा प्रत्येक जण खुशीत असतो, त्यामुळं फार लिहीत नाही. इतकंच, की डिझेलला दाबल्यावर टर्बो जागा होईपर्यंत जो क्षण मिळायचा, तो इथं नाही. पाय दाबला की लगेच ताकद. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला, मागं लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर ओलांडताना ही ताकद कामाला येते. त्याच ताकदीच्या भरवशावर जागा नसताना घुसणारेही पाहिलेत. पहिला महिना इको मोडवरच चालवा. पावसात किंवा खडीवर तर नक्कीच, नाहीतर पुढची चाकं जागेवरच फिरतात.

पाय उचलणं म्हणजेच ब्रेक

ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटं काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार करून बॅटरीत पाठवते, आणि त्या ओढीनं गाडी मंदावते. याला सगळे रीजन म्हणतात. त्याच्या पातळ्या असतात. सुरुवात सगळ्यात कमी पातळीवर करा, पाय सरावला की वाढवत न्या. पाय झटक्यात उचलायचा नाही, हळूहळू ढिला करायचा. घाटात मागच्या सीटवरच्या माणसाला उलटी होते, ती वळणांमुळं कमी आणि चालवणाऱ्याच्या पायामुळं जास्त. आमच्या आईला मागं बसवलं की माझा पाय कसा चाललाय याचा निकाल घाटमाथ्यावरचं आंबा गाव यायच्या आतच लागतो.

आता आपल्याकडची जुनी खोड. उतार लागला की न्यूट्रल मारून गाडी सोडायची आणि डिझेल वाचवल्याचं समाधान मिळवायचं. डिझेल गाडीतही ते जीवघेणंच होतं. इथं तर तोटाही होतो, कारण न्यूट्रलमध्ये रीजन मिळत नाही, म्हणजे फुकटची वीज सोडून द्यायची आणि वर ब्रेक तापवायचे. घाट उतरताना डी मध्येच राहा, रीजन वरच्या पातळीवर ठेवा. आंबा घाटातून साखरप्याकडं उतरताना बहुतेक वळणांना ब्रेकला हात लावावा लागत नाही. पाय म्हणायला हवं, पण सवयीनं हातच लिहिलं जातं.

एक गोष्ट मात्र शोरूमवाले फारसे सांगत नाहीत. बॅटरी पूर्ण भरलेली असली की तिच्यात आणखी वीज घ्यायला जागा नसते, त्यामुळं रीजन जवळपास मिळतच नाही. कोल्हापुरातून शंभर टक्के करून निघालात तर काही फरक पडत नाही, घाट येईपर्यंत पुष्कळ खर्च झालेला असतो. पण आंब्याला हॉटेलात मुक्काम केला, रात्रभर प्लग लावून शंभर केले आणि सकाळी थेट घाटात शिरलात, तर पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावणार नाही. सवय झालेल्या माणसाला तिथंच घाम फुटतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ऐंशीवरच थांबवा.

किलोमीटर बघू नका, टक्के बघा

स्क्रीनवर उरलेले किलोमीटर दिसतात, तो अंदाज असतो आणि तुम्ही नुकतीच गाडी कशी चालवलीत त्यावर काढलेला असतो. घाट उतरून हातखंब्याला पोचलात की तो आकडा बघून जीव हरखतो, रत्नागिरी करून न चार्ज करता घरी पोचू असं वाटायला लागतं. पण परत येताना तोच घाट चढायचा असतो.

हिशेब करायचा तर असा करा. माणसं आणि सामान धरून गाडी सतराशे किलोच्या आसपास जाते. एवढं वजन पाचशे मीटर उंच न्यायला साधारण सव्वादोन युनिट लागतात, मोटरमधलं नुकसान धरून अडीच-पावणेतीन. चाळीस युनिटच्या बॅटरीत हे सहा-सात टक्के झाले. म्हणजे चढ हा काही राक्षस नाही. उतारावर त्यातलं बरंचसं परतही मिळतं. नवीन माणूस घाटाला भितो आणि हायवेला बिनधास्त राहतो, खरं तर उलटं हवं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 चे 100 केले की तो दीडपटीहून जास्त होतो. डिझेलमध्येही हेच व्हायचं, पण टाकी मोठी आणि पंप दर दहा मैलांवर, म्हणून आपल्याला कधी कळलं नाही.

कोल्हापूर-पुणे सुमारे 230 किलोमीटर. कंपनी चारशेच्या पुढचा आकडा सांगते, तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. माझ्या गाडीला 80-85 च्या वेगानं एका टक्क्याला पावणेतीन किलोमीटर मिळतात. 110 नं हाणली की दोनाच्या जवळ येतात. तुमच्या गाडीचा हा एक आकडा पहिल्या महिन्यात काढून ठेवा, एसी लावून, नेहमीच्या माणसांसह. त्यानंतर मनातल्या मनात टक्क्यांना त्या आकड्यानं गुणायचं, स्क्रीन काय म्हणते ते म्हणू दे. पोचताना हातात पंधरा-वीस टक्के उरले पाहिजेत. पुण्याहून परतताना खंबाटकीचा चढ आहे, पावसाळ्यात समोरून वारा असतो, तेव्हा आणखी पाच धरा.

घरचा प्लग

इथं पैसे वाचवू नका. गाडीबरोबर येणारा चार्जर पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालतो, तासाला साधारण तीन युनिट देतो. तीस टक्क्यांवरून नव्वदवर जायला चोवीस युनिट लागतात, वाटेतलं नुकसान धरून आठ-नऊ तास. गिझर अर्धा तास चालतो, हा प्लग रात्रभर चालतो, फरक तो आहे. भिंतीतलं जुनं सॉकेट एवढा वेळ भार सोसत नाही, आतून वितळतं. एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नावच नको.

वायरमनला बोलावून मीटरपासून थेट वेगळी लाइन ओढून घ्या, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा), स्वतंत्र आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), आणि साध्या सॉकेटऐवजी निळं इंडस्ट्रियल सॉकेट. चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभरानं प्लगच्या पाठीला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर बंद करा आणि वायरमनला परत बोलवा.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते अर्थिंगला. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवतो आणि गाडी वीज घेतच नाही. माणूस सर्व्हिस सेंटरला फोन करतो, 'नवी गाडी खराब निघाली' म्हणून. गाडी चांगली असते, घरची अर्थ वायर कुठंच जोडलेली नसते. गावाकडच्या जुन्या घरात हे हमखास. कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा नवा करून घ्या. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहा. मित्राच्या किंवा पाहुण्यांच्या घरी मुक्कामाला जाऊन चार्ज करायचं ठरवलं असेल, तर जेवणाआधी प्लग लावून बघा. रात्री अकराला लाल दिवा दिसला तर काही करता येत नाही.

भिंतीवर लावायचा जलद चार्जर हवा असेल, 7.2 किलोवॉटचा, तर महावितरणकडं मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. माझ्यासारखा व्यापारी माणूस रात्री घरीच असतो, त्याला पंधरा अँपिअर पुरतो.

रिझर्व्हला आल्याशिवाय पंपावर न जाण्याची सवय सोडा. गोठ्यात वैरण रोज टाकतात, आठवड्याची एकदम टाकत नाहीत, तसंच हे. रोज घरी आलं की प्लग. रोजचं फिरणं असेल तर ऐंशी-नव्वदवर थांबवा, लांब जायचं असेल त्या आदल्या रात्रीच शंभर. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची असेल तर अधूनमधून शंभर करणं गरजेचं असतं, नाहीतर टक्क्यांचा आकडाच चुकायला लागतो. किती दिवसांनी, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

रस्त्यावरचा चार्जर

निघायच्या आदल्या दिवशी दोन-तीन ॲप डाउनलोड करून, नाव नोंदवून, वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा. हे काम चार्जरपुढं उभं राहून, एक काडी नेटवर्कवर, ओटीपीची वाट बघत करू नका. ॲपमध्ये नकाशावर हिरवा दिसतो तो चार्जर चालू असेलच असं नाही. त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा. आज सकाळी कुणी केलं असेल तर भरवसा ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे चार्जर ज्या हॉटेलच्या आवारात आहे तिथं फोन करायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे: लाईट आहे का? गाडी लागलीय का?

पंचवीस टक्के असतानाच चार्जर गाठा, म्हणजे तो बंद निघाला तर पुढचा गाठता येतो. ऐंशीनंतर चार्जिंगचा वेग पडतो, वीस मिनिटांत जे झालं तेवढंच व्हायला आता तास लागतो. ऐंशीला गन (चार्जरचा गाडीत लावलेला प्लग) काढा, निघा, मागच्याला जागा द्या. गन निघत नसेल तर ओढाताण करू नका, किल्लीनं गाडी अनलॉक करा, सुटते.

अगदीच अडलात तर ढाब्यावरचा पंधरा अँपिअरचा प्लगसुद्धा चालतो. आधीच बोला: "मालक, दोन तास प्लग देता का? युनिटप्रमाणे पैसे देतो, जेवणही इथंच करतो." अजून तरी कुणी नाही म्हटलेलं नाही.

देखभाल, कागद आणि पूर

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, क्लच प्लेट, सगळं गेलं. कूलंट मात्र आहे. बारा व्होल्टची छोटी बॅटरीही आहे, आणि ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. टायर लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि ताकद एकदम, तेव्हा हवा दर पंधरा दिवसांनी बघा. पावसाळ्यात ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, कारण रीजनमुळं ब्रेक वापरलेच जात नाहीत. मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, अधूनमधून चार-पाच वेळा ब्रेक जरा जोरात मारा.

पीयूसी लागत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, अटल सेतू आणि समृद्धीवर राज्य सरकारनं 2025 मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला, हे ऐकून आमच्याकडचे लोक खुश झाले. आमच्या कोल्हापूर-पुणे रस्त्यावरच्या किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर या नाक्यांची गोष्ट वेगळी आहे, तिथं फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

कोल्हापूरकरांनी जुलै-ऑगस्टचा वेगळा विचार करावा. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. पंचगंगा इशारा पातळीकडं निघाली की गाडी कायम साठ-सत्तरच्या वर ठेवा, कारण पाण्याबरोबर लाईटही जाते. गाडी उंचावर नेऊन लावा. ती पाण्यात उभी राहिलीच, तर पाणी ओसरल्यावर चालू करून बघायचं नाही आणि प्लगही लावायचा नाही. आधी सर्व्हिस सेंटर.

तिथं न्यायची वेळ आली, किंवा वाटेत चार्ज संपला, तरी दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढू देऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते. फोनवरच सांगा, चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड पाठवा. आकडा लावून ओढणारी क्रेन आली तर परत पाठवा.