डिले लावला अन् मेसेज गायब: मोटरचा कंट्रोलर बनवताना या चुका टाळा

रात्री लाईन आली की वावरात जायचं काम पडू नये म्हणून आपल्याकडचे बरेच पोट्टे अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) अन् जीएसएम मॉड्यूल (सिमकार्डवर मेसेज घेणारा भाग) घेऊन मेसेजवर चालू-बंद होणाऱ्या मोटरचा कंट्रोलर घरीच बनवतात, अन् तक्रार सगळ्यांची एकच, टेबलावर चालते, विहिरीवर चालत नाही. मग मॉड्यूल बदल, अँटेना बदल. आधी कोड पाहा राजेहो.

माझ्या पहिल्या डब्यात स्टार्टरचं हिरवं बटन दाबून धरायला रिले (बोर्डाने चालणारा स्विच) ऑन, डिले ३००० (म्हणजे ३००० मिलिसेकंद प्रोग्राम तिथेच थांबवा), रिले ऑफ असं होतं. नेमका त्या ३ सेकंदात बंदचा मेसेज आला अन् गेला, मोटर रात्रभर चालली, सकाळी धुरा फुटून पाणी शेजारच्या पऱ्हाटीत.

डिले चालू असताना अक्षरं यायची थांबत नाहीत, बफरमधे (आलेली अक्षरं वाचेपर्यंत ठेवायची जागा) जमा होतच राहतात, पण ऊनोचा बफर ६४ बाइटचा, म्हणजे ६४ अक्षरांचा, सॉफ्टवेअर सिरियलचाही (मॉड्यूल दुसऱ्या पिनांवर जोडायची लायब्ररी) तेवढाच. ९६०० बॉडवर (मॉड्यूल अन् बोर्डाच्या बोलण्याचा वेग) सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे ६७ मिलिसेकंदात बफर फुल्ल, पुढचं सगळं वाया. अन् मेसेज येताना आधी नंबर, तारीख, वेळ अशी ५० च्या आसपास अक्षरं येतात, तुमचं 'बंद' सगळ्यात शेवटी, त्यात आधी रिंगची ओळ येऊन बसली असली की नंबर बरोबर दिसते अन् हुकूमच कापला जाते.

म्हणून डिले काढा. रिले लावला ती वेळ मिलिसने (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) अनसाइन्ड लाँगमधे (मायनस नसलेला मोठा आकडा ठेवायचा प्रकार) ठेवा अन् लूपच्या (सतत फिरणाऱ्या मुख्य कोडाच्या) दर फेरीत आताची वेळ वजा ती वेळ ३००० झाली का पाहा. वजाबाकीच करा, कारण मिलिस ४९.७ दिवसांनी शून्यावर येते, बेरीज करून तुलना केली तर तिथे फसते. अक्षरं एकेक वाचून ॲरेत (अक्षरांच्या रांगेत) टाका, ओळ संपली की मगच तपासा. रीडस्ट्रिंग (सगळा मजकूर एकदम वाचणारं फंक्शन) नको, ते टाइमआउटसाठी १ सेकंद अडकून बसते.

लाईन आल्यावर २ मिनिटं थांबायला २*६०*१००० लिहिता ना? ऊनोचा इंट (साधा पूर्णांक) ३२७६७ पर्यंतच, उत्तर मायनसमधे जाते अन् डिले त्याला ४९ दिवस समजून बसते! १२००००यूएल लिहा, यूएल म्हणजे अनसाइन्ड लाँग.

मॉड्यूलच रीसेट होत असेल तर कोड उकरू नका. सिम८००एल या जीएसएम मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागते अन् झटक्यात २ अँपिअर ओढते, त्याला वेगळी सप्लाय द्या.

अन् डबा विहिरीवर लावायच्या आधी रिले दाबलेला असतानाच १० वेळा मेसेज पाठवून पाहा.