या चुका टाळा: वहीतील किरण आणि प्रत्यक्ष प्रकाश

प्रकाशाच्या अपवर्तनाचे, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना तो वळण्याचे, प्रयोग शिकवताना मला वर्षानुवर्षे त्याच चार-सहा चुका दिसत आल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक चुका उपकरणांमुळे होत नाहीत, तर वहीतील रेघांनाच प्रकाश समजल्यामुळे होतात.

सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक म्हणजे काचेच्या चिपेतून जाणाऱ्या किरणाचे कोन चिपेच्या कडेपासून मोजणे. आपाती कोन (काचेवर येणाऱ्या किरणाचा) आणि अपवर्तन कोन (काचेत वळलेल्या किरणाचा) हे दोन्ही स्तंभिकेपासून, म्हणजे किरण जिथे पृष्ठभागावर पडतो त्या बिंदूतून काढलेल्या लंबापासून मोजायचे असतात. परंतु चिपेची कड कागदावर आधीच ठळक आखलेली असते आणि स्तंभिका मात्र स्वतः काढावी लागते, त्यामुळे घाईत ती राहून जाते आणि कोनमापक सरळ कडेवर बसतो. एकदा एका गटाने तीन वेगवेगळ्या कोनांवर किरणाचा मार्ग दाखवणाऱ्या टाचण्या लावून मोजमाप केले आणि काचेचा अपवर्तनांक, म्हणजे आपाती कोनाच्या साइनला अपवर्तन कोनाच्या साइनने भागून येणारी संख्या, अनुक्रमे ०.९२, ०.८० आणि ०.६१ असा काढला. चीप सदोष आहे असे ठरवून त्यांनी दुसरी मागून घेतली, पण तिनेही जवळजवळ तीच उत्तरे दिली. मग त्यांच्यातील एकाने भागाकार उलटा केला, तेव्हा १.०९, १.२५ आणि १.६३ हे आकडे मिळाले, आणि त्यांची सरासरी १.३२ अशी अगदी समाधानाने वहीत लिहिली गेली. नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. पाण्याचा १.३३ असल्यामुळे ते उत्तर ‘ओळखीचे’ वाटले असावे, पण समोर पाणी नव्हते, काच होती.

त्या आकड्यांतच चुकीचा पत्ता होता. एकाच काचेचा अपवर्तनांक प्रत्येक कोनाला सारखाच यायला हवा, आणि येथे तो कोनाबरोबर सतत बदलत होता. किरण स्तंभिकेशी ३०, ४५ आणि ६० अंशांचे कोन करत होते, पण वहीत ६०, ४५ आणि ३० लिहिले होते, आणि काचेतील कोनांचेही तेच झाले होते. सरासरी ही थोड्याफार विखुरलेल्या मोजमापांसाठी असते, चुकीच्या मोजमापांवर पांघरूण घालण्यासाठी नव्हे, आणि उत्तर जुळेपर्यंत भागाकार उलटसुलट करणे मला मुळीच मान्य नाही. माझी स्वतःची सवय अशी आहे की पहिली टाचणी टोचण्याआधी मी स्तंभिका तुटक रेघेने काढतो, आणि पहिली दोन मोजमापे झाली की अपवर्तनांक तिथल्या तिथे काढून ती एकमेकांशी जुळतात का हे पाहतो.

टाचण्या एकमेकींपासून निदान पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर, अगदी उभ्या टोचाव्यात, आणि एका रेषेत आणताना त्यांची डोकी न पाहता बुडखे पाहावेत.

दुसरी चूक समजुतीची आहे, आणि ती मला अधिक खुपते. बहिर्गोल भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर पडद्यावर प्रतिमेचे काय होईल, असे विचारले की बहुतेक जण ‘अर्धी प्रतिमा दिसेल’ असे ठामपणे सांगतात. याचे कारण आपल्या आकृत्यांत आहे. वस्तूच्या टोकापासून आपण दोनच किरण काढतो, एक मुख्य अक्षाला (भिंगाच्या मधून जाणाऱ्या आडव्या रेषेला) समांतर आणि दुसरा प्रकाशीय मध्यातून, म्हणजे भिंगाच्या मध्यबिंदूतून, जाणारा, आणि वरचा भाग झाकला की पहिला किरण अडतो, म्हणून प्रतिमाही तुटणार असे वाटते. प्रत्यक्षात वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघणारा प्रकाश भिंगाच्या संपूर्ण पृष्ठभागावर पडतो, आणि ते दोन किरण केवळ काढायला सोपे म्हणून निवडलेले असतात. त्यामुळे प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधूक होते. हे तोंडी पटवण्यात मी आता वेळ घालवत नाही. कागद हातात देऊन भिंग झाकायला सांगतो. मात्र कागद भिंगाला अगदी चिकटून धरावा, कारण तो पडद्याजवळ धरला तर प्रतिमेचा तुकडा खरोखरच कापला जातो आणि चुकीची समजूत आणखी पक्की होते.

प्रकाशीय घनतेची (अपवर्तनांक जास्त तर ती जास्त) वस्तुमानाच्या घनतेशी गल्लत करू नये: रॉकेल पाण्यावर तरंगते, तरी त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४४, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त असतो. काचेत शिरल्यावर प्रकाशाचा वेग आणि तरंगलांबी कमी होतात, वारंवारता तीच राहते. पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे प्रकाश बाहेर न पडता सगळाच्या सगळा परत आत फिरणे, हवेतून पाण्यात जाताना कधीच होत नाही. ते पाण्यातून हवेत येताना, आपाती कोन सुमारे ४९ अंशांपेक्षा मोठा असेल तरच होते.

भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर पडते ते, ‘दूरच्या वस्तूवरून’ काढताना खोलीतला दिवा पुरेसा दूर मानणे, हाही एक आळशी मार्ग आहे. भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर आणि दिवा तीन मीटरवर असेल, तर प्रतिमा २१.४ सेंटिमीटरवर पडते, म्हणजे मोजण्याआधीच सात टक्के चूक होते. मी नेहमी खिडकीतून दिसणारे लांबचे झाड किंवा इमारत घेतो. सूर्य घ्यायचा मोह अनेकांना होतो, कारण त्याचा ठिपका स्पष्ट आणि लगेच मिळतो. पण तो ठिपका कागद पेटवतो, आणि भिंगातून सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा भरून येईलच असे नाही.